माणूस मेलाय, सजा भोगून झालीय. आता त्याला गोलात उभं करावं का?

रेघेबाहेरचा (परभणी जिल्हा)

मंडळी, धागा फुटबॉलचा आहे, पण ज्यांना ऑफसाइड कळत नाही त्यांनीही बोलावं. आमचं घोडं ऑफसाइडवर अडलेलं नाही.

आमचं तालुक्याचं गाव. क्लब म्हणजे सोळा पोरं, दोन बॉल, काळ्या मातीवर मुरूम टाकून केलेलं ग्राउंड आणि सेक्रेटरी म्हणून मी. जानेवारीत टूर्नामेंट आहे आणि आमचा गोलकीपर पुण्याला कंपनीत लागला. आता गावात गोलात उभा राहील असा एकच माणूस उरलाय, आणि तो हर्सूल जेलात राहून आलेला आहे.

प्रकरण २०१३ चं. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन गल्ल्यांची जुंपली. याच्या हातातला रॉड एका १९ वर्षांच्या पोराच्या डोक्यात बसला. पोरगं तिसऱ्या दिवशी नांदेडला दवाखान्यात गेलं. ३०४ भाग दोन, सात वर्षं सजा, खंडपीठात अपील फेटाळलं. माफीचे दिवस धरून २०१९ च्या दिवाळीआधी सुटला. तेव्हापासून ऑटो चालवतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. वय ३४, पण उजवीकडं झेप घेतो तेव्हा अजून बघत राहावं वाटतं.

आता अडचण. गेलेल्या पोराची आई ग्राउंडच्या मागच्याच गल्लीत राहते. आमच्याकडं मॅचला भोंगा लावून कॉमेंट्री असते. गोल अडवला की कॉमेंट्रीवाला गोलकीपरचं नाव तीनदा घेतो. ते तिच्या अंगणात ऐकू जाणार.

कमिटीत सात जण. तीन हो, तीन नाही, सातवा मी. रविवारी बैठक आहे.

नांदेडी_झटका

घ्या की राव. आमच्याकडं अशी माणसं नगरसेवक होतात, तुम्ही गोलकीपरवर अडून बसलाव.

भज्याचा_घाणा

त्याच्यासमोर पेनल्टी मारायची कुणाची हिंमत होईल? कप तुमचाच.

रेघेबाहेरचा

@भज्याचा_घाणा हाच जोक कमिटीत पण झाला. हसलो सगळे, मग पाच मिनिटं कुणी बोलंना.

अर्धवट_वकील (छत्रपती संभाजीनगर)

कायद्यापुरतं सांगतो. ३०४ भाग दोन म्हणजे खून नव्हे, सदोष मनुष्यवध. मारायचा इरादा नव्हता, पण असा घाव जिवावर बेतू शकतो हे माहीत होतं, असा त्याचा अर्थ. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ मध्ये गेलंय. सजा पूर्ण झाली की माणूस मोकळा. ऑटोचा बॅज, पासपोर्ट, सरकारी नोकरी इथं चारित्र्य पडताळणी आडवी येते. गावच्या टूर्नामेंटला कुणी पोलिसांचा दाखला मागत नाही.

@नांदेडी_झटका, नगरसेवकांचं माझ्या तोंडून नको, पण आमदार-खासदारांसाठी तरी नियम आहे. दोन वर्षं किंवा जास्त सजा झाली तर सजेचा काळ आणि सुटल्यावर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ८. तुमचा माणूस २०१९ ला सुटला म्हणजे त्या मापानंसुद्धा त्याची सहा वर्षं भरलीत.

नांदेडी_झटका

म्हणजे आमदार व्हायला चालतोय, गोलकीपर व्हायला कमिटी बसवायलेत. धन्य.

लातूर_ते_लेस्टर

मी १४ वर्षं इकडं लेस्टरला आहे, त्यामुळे आमचं उदाहरण देणारच. लेस्टर सिटीचा जुना फॉरवर्ड जेमी वार्डी. २००७ मध्ये पबबाहेरच्या मारामारीत दोषी ठरला. मित्राच्या कानातल्या यंत्रावरून लोक चेष्टा करत होते म्हणून भांडण झालं, असं तो सांगतो. तेव्हा तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या अगदी खालच्या पातळीवरच्या क्लबात खेळत होता. सहा महिने पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा. संध्याकाळी ठरल्या वेळेला घरात हजर राहायचं, म्हणून लांबच्या मॅचला तासभर खेळायचा, मग कुंपणावरून उडी मारून आईबापाच्या गाडीत बसायचा. त्या छोट्या क्लबानं तेव्हा दार लावलं असतं तर २०१६ ला लेस्टरनं प्रीमियर लीग जिंकली तेव्हा इथल्या रस्त्यावर जे मी डोळ्यांनी पाहिलं ते झालं नसतं. त्या रात्री मी अनोळखी म्हाताऱ्याच्या गळ्यात पडून रडलोय.

आर्सेनलचा टोनी ॲडम्स तर कप्तान असताना दारू पिऊन गाडी ठोकली म्हणून डिसेंबर १९९० मध्ये आत गेला. सुटून आला, परत कप्तान. पुढं स्वतःची दारू सोडली आणि २००० साली व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी संस्था काढली.

मोसंबीबाग (जालना)

लेस्टरकर, तुमच्या दोन्ही उदाहरणांत कुणी मेलं नाही. इथं पोरगं गेलंय. वांग्याचं माप भोपळ्याला लावू नका.

मेलेल्यांची उदाहरणं पण तुमच्याच इंग्लंडात आहेत. वेस्ट ब्रॉमचा ली ह्यूज. २००३ मध्ये बेफाम गाडी चालवून एकाचा जीव घेतला आणि जागेवरून पळाला, दीड दिवसानं पोलिसांत गेला. सहा वर्षं सजा. २००७ ला अर्धी भोगून सुटला तर ओल्डहॅमनं लगेच घेतला. प्लिमथचा गोलकीपर ल्यूक मॅककॉर्मिक, २००८, दारूच्या नशेत गाडी ठोकली, दहा आणि आठ वर्षांची दोन सख्खी भावंडं गेली. सात वर्षं चार महिने. २०१२ ला सुटला, २०१३ ला परत प्लिमथ. त्याच गोलात, त्याच प्रेक्षकांसमोर.

बेकायदा काहीच नाही. पण त्या दोन लेकरांच्या आईनं शनिवारी रेडिओ लावायचा का नाही?

लातूर_ते_लेस्टर

मान्य. मग तुम्हीच सांगा, ह्यूजनं काय करायला पाहिजे होतं? विटा वाहायच्या? त्यालाही कुणीतरी ठेवून घेणारच ना? वीटभट्टीवर चालतो आणि ग्राउंडवर का चालत नाही?

मोसंबीबाग

वीटभट्टीवर त्याच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत.

कुंथलगिरी_पेढा

विषय चाललाय तर विचारतो, परभणी-हिंगोलीकडं गवताचं फुटबॉल ग्राउंड कुठंय का? आमच्या पोराचे गुडघे मुरुमानं सोलून निघालेत.

रेघेबाहेरचा

@कुंथलगिरी_पेढा गवत पावसाळ्यात आपोआप येतं, दिवाळीपर्यंत शेळ्या संपवतात. गुडघ्याला सायकलची जुनी ट्यूब कापून बांधा, आमची पोरं तेच करतात.

शिट्टीवाली_मॅडम (बीड)

मी शाळेत पीटी शिकवते, मुलींची टीम आहे. सगळे गुन्हे एका पोत्यात भरू नका. मिरवणुकीतला एक घाव आणि ठरवून केलेला अत्याचार, दोन्हीला 'सजा भोगली, विषय संपला' हे एकच वाक्य लावता येत नाही.

ब्राझीलचा ब्रुनो घ्या, फ्लामेंगोचा गोलकीपर. आपल्या मुलाच्या आईला मारून टाकल्याबद्दल २०१३ मध्ये २२ वर्षं तीन महिने सजा झाली. तिचा देह आजतागायत सापडलेला नाही. २०१७ मध्ये अपील चालू असताना कोर्टानं तात्पुरता सोडला आणि बोआ एस्पोर्ते नावाच्या क्लबानं लगेच करार केला. स्पॉन्सर एकामागून एक निघून गेले, तरी क्लब मागे हटला नाही. शेवटी एप्रिलमध्ये कोर्टानंच परत आत घातला. यात सजा भोगून झाली होती का? नाही. मग घाई कशाची होती? नावाची. फुकट जाहिरात.

आणि रॉबिन्हो. इटलीत सामूहिक बलात्काराच्या खटल्यात नऊ वर्षं सजा लागली होती, अपील चालू होतं. तरी ऑक्टोबर २०२० मध्ये सांतोसनं घेतला. स्पॉन्सरनं हात काढल्यावर काही दिवसांत करार थांबवला. म्हणजे क्लबाला लाज नाही वाटली, पैसा गेल्याचं दुःख वाटलं. मार्च २०२४ मध्ये ब्राझीलमध्येच आत गेला.

आमच्याकडं मुलींना कपडे बदलायला एकच खोली आहे आणि तिची कडी बाहेरून आहे. त्या खोलीकडं बघून मी ठरवते, कोणाला ग्राउंडवर येऊ द्यायचं. बलात्काराच्या सजेतून सुटलेल्या शेफील्ड युनायटेडच्या चेड एव्हान्सच्या वेळी, त्याला परत घेऊ नका म्हणून लाखावर लोकांनी सह्या केल्या, ऑलिंपिक विजेत्या जेसिका एनिस-हिलनं त्याला घेतलं तर स्टँडवरचं आपलं नाव काढा म्हणून सांगितलं. तसं आपल्याकडं कोण बोलतं?

अर्धवट_वकील

मॅडम, बाकी सगळं पटलं, पण एव्हान्सचं अर्धंच सांगितलंत. २०१२ मध्ये पाच वर्षांची सजा झाली, अर्धी भोगून ऑक्टोबर २०१४ मध्ये बाहेर आला. शेफील्डनं सराव करू देतो म्हटलं आणि माघार घेतली, ओल्डहॅमनं घेतो म्हटलं आणि माघार घेतली, माल्टाचा क्लब तयार झाला तर सरकारनं परदेशी खेळायला जाऊ दिलं नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये अपील कोर्टानं ती सजा रद्द केली आणि ऑक्टोबरमध्ये फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. पुढं शेफील्ड युनायटेडकडूनच परत खेळला. तुमच्या यादीत तो बसत नाही.

शिट्टीवाली_मॅडम

बरोबर आहे, माझी चूक. नाव मागे घेते. पण २०१४ मध्ये सह्या करणाऱ्यांसमोर कोर्टाचा निकाल होता, तो मानून त्यांनी सह्या केल्या. निकाल मानला हा त्यांचा दोष कसा?

अर्धवट_वकील

दोष नाही. म्हणून तर आम्ही वकील अपील संपेपर्यंत गप्प बसायला सांगतो. आणि फी घेतो.

भज्याचा_घाणा

शेवटचं वाक्य तेवढं पटलं.

चौकातला_अंपायर

फुटबॉलचं सोडा, आपल्या क्रिकेटचं बघा. सिद्धूचं पतियाळाचं प्रकरण १९८८ चं. रस्त्यावरच्या भांडणात ६५ वर्षांचा माणूस गेला. खटला चालू राहिला आणि हा १९९९ पर्यंत खेळत राहिला, मग टीव्हीवर शेरोशायरी. २००६ ला हायकोर्टानं तीन वर्षं दिली, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ती काढून मारहाणीबद्दल हजार रुपये दंड केला, २०२२ ला फेरविचारात एक वर्षाची कैद. इतकी वर्षं आपण घराघरात बसून हसलोच ना? मी तर लई हसलो.

दुसरीकडं श्रीशांत. २०१३ ला स्पॉट फिक्सिंगमध्ये धरला, बोर्डानं जन्माची बंदी घातली. २०१५ ला दिल्लीच्या कोर्टानं आरोपातून मोकळा केला तरी बंदी चालूच. ती सात वर्षांवर आली तेव्हा कुठं २०२१ मध्ये केरळकडून परत बॉल टाकला. म्हणजे खेळाशी बेइमानी केल्याचा नुसता आरोप असला तरी बोर्ड दार लावतं, आणि माणूस गेला तर ते कोर्टाचं काम!

निवृत्त_हवालदार (पैठण)

रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

माझी निम्मी नोकरी पैठणच्या खुल्या कारागृहात गेली. तिथं बंदी शेती करतात. उंच भिंत नाही. पळायचं तर कुणीही पळेल, पण सहसा पळत नाहीत. तिथं येणारे बहुतेक असेच, तुमच्या गोलकीपरसारखे. एका संध्याकाळचा राग, आणि आयुष्य गेलं. ३०२ वाला माणूस साहेबांच्या लेकराला कडेवर घेऊन फिरायचा, आम्हाला कधी भीती वाटली नाही. म्हणून सुधारतो का, हा प्रश्न माझ्या दृष्टीनं संपलेला आहे. बरेच सुधारतात. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंधच्या राजानं १९३९ सालीच असं करून दाखवलं.

सुटून जाणाऱ्याला फाटकापर्यंत सोडायला आम्हीच जायचो. बहुतेक जण फाटकातून बाहेर पडून आधी डावीकडं बघायचे, मग उजवीकडं, आणि तिथंच उभे राहायचे. एस.टी. किती वाजता आहे ते आम्हालाच विचारायचे. घ्यायला कुणी आलेलं नसायचं.

आता सेक्रेटरीसाहेब, रागावू नका. हा माणूस सहा वर्षांपासून तुमच्या गावात ऑटो चालवतोय. सहा वर्षांत तुम्ही त्याला ग्राउंडवर कधी बोलावलं होतं का? आणि तुमच्या तालुक्यात सजा भोगून आलेला हा एकटाच नसणार. बाकीचे कुठं आहेत? तो गोलकीपर म्हणून भिकार असता, तर हा धागा निघाला असता का?

मोसंबीबाग

हवालदार, पायाची धूळ द्या.

नांदेडी_झटका

👏 रेघेबाहेरचा आता रेघेच्या आत आला.

लातूर_ते_लेस्टर

हा प्रश्न सगळ्या क्लबांना लागू होतो. ह्यूज दोन-चार गोलांचा फॉरवर्ड असता तर ओल्डहॅमला दया आली नसती. एक मात्र सांगतो, आर्सेनलचा जुना उपाध्यक्ष डेव्हिड डीन यानं २०१८ पासून इकडं एक उपक्रम चालवलाय. एकेक क्लब जवळच्या एकेका जेलशी जोडायचा, क्लबाचे कोच आत जाऊन कैद्यांना कोचिंग, रेफरीगिरी असलं शिकवतात. तिथं तुला किती गोल मारता येतात हे कुणी विचारत नाही.

मुक्काम_उदगीर

मी इथं पाककृतींच्या धाग्यावर असते. हा धागा चुकून उघडला.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून येताना गेला. समोरून जीप, चालवणारा प्यालेला. ३०४-अ, निष्काळजीपणानं मृत्यू, लागलं, म्हणजे तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षं. जामीन तर त्याच दिवशी झाला. पुढं सजा झाली, ती त्यानं भोगली. दारू सोडली. माळ घातली. आता आमच्याच गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. खोटं कशाला बोलू, चांगला वाजवतो.

त्यानं वाजवू नये असं मी कधी कुणाला म्हटलं नाही. आईपण नाही म्हणाली. पण अकरा वर्षांत मी माहेरच्या सप्त्याला गेले नाही. काल्याच्या कीर्तनाला सगळं गाव जातं, आई दार लावून घरात बसते. गावाला वाटतं म्हातारीचे गुडघे दुखतात.

बाहेर कोण पडलं ते बघा, एवढंच. तो आत आला आणि आम्ही बाहेर पडलो, कुणी आम्हाला जा म्हटलं नव्हतं तरी.

शिट्टीवाली_मॅडम

ताई…

भज्याचा_घाणा

माझे वरचे जोक कुणी काढून टाकले तरी चालतील.

चौकातला_अंपायर

ताईंचं वाचलं. तरी एक विचारतो, मग त्यानं गाव सोडायचं का? पखवाज सोडायचा का? मला खरंच उत्तर सुचत नाही.

मुक्काम_उदगीर

मलाही नाही दादा. असतं तर सप्त्याला गेले असते.

कुंथलगिरी_पेढा

सेक्रेटरी, त्या घरी जाऊन विचारा. सोपं आहे. आई हो म्हणाली तर घ्या, नाही म्हणाली तर विषय बंद.

अर्धवट_वकील

अजिबात सोपं नाही. नाही म्हणाली तर उद्या गावात 'म्हातारीनं आडकाठी केली' होईल. जाऊ नका.

*(चार दिवसांनी)*

रेघेबाहेरचा

वकीलसाहेब, तुमचं वाचायच्या आधीच जाऊन आलो होतो.

दार मोठ्या भावानं उघडलं. मी चपला काढून ओट्यावर बसलो, पाणी प्यालो, आणि कसंबसं बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईला मी विचारणार नाही. तुम्ही बी विचारायचं नाही. तुम्हाला घ्यायचं तर घ्या, नाही तर नका घेऊ. पण आमच्याकडून हो घेऊन जाऊन मोकळं व्हायचं, ते नाही जमणार, काका." आत मिक्सर चालू होता. मधीच बंद झाला. मी उठलो.

तिथून त्याच्याकडं गेलो, स्टँडवर. तो ऑटो पुसत होता. म्हटलं, कमिटीत तुझा विषय आहे. तो म्हणाला, "मी कधी म्हटलं मला खेळायचंय? तुम्हीच आलात." हे खरं आहे. नोव्हेंबरात त्याच्या ऑटोत बसून विषय काढणारा मीच होतो. मग बराच वेळ फडकं पिळत बसला आणि म्हणाला, "भोंगा लावणार का?"

हवालदारकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, धागा निघाला नसता. आमच्याच वस्तीत आणखी दोन जण सुटून आलेत. एकानं मागच्या उन्हाळ्यात ग्राउंडवर पाणी मारायचं काम मागितलं होतं. बघू म्हटलं आणि बघितलं नाही. त्याला फुटबॉल येत नाही.

बैठकीत मी नाही म्हणून मत दिलं. या टूर्नामेंटला तो खेळणार नाही. पण सकाळी सहाला त्यानं ग्राउंडवर यावं आणि आमच्या दोन बारक्या गोलकीपरना शिकवावं, असं ठरलं. सकाळी भोंगा नसतो. तो काल आला. पोरांना आधी पडायला शिकवलं, खांद्यावर, कोपरावर नाही. पाणी मारायचं काम त्या दुसऱ्याला दिलंय, महिना दीड हजार, त्यातले पाचशे माझे.

मोसंबीबाग

ठीक केलं.

लातूर_ते_लेस्टर

मला नाही पटलं. पहाटे अंधारात चालतो आणि दुपारी उजेडात चालत नाही, हे त्याला लपवून ठेवणं झालं. पण मी पाच हजार मैलांवर बसून बोलतोय.

निवृत्त_हवालदार

सहाला आला ना? रोज येईल. तिकडं उठायची सवय लागलेली असते.

नांदेडी_झटका

ते सगळं खरं, पण जानेवारीत गोलात कोण?

रेघेबाहेरचा

मी.

भज्याचा_घाणा

वय?

रेघेबाहेरचा

४६.

नांदेडी_झटका

सहा गोल लिहून ठेवा. आणि त्या दिवशी भोंगा बंदच ठेवा, तुमच्याच इज्जतीसाठी.